एक चौकोन म्हणजे किती हात?

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गात 'कथनसाहित्यातील घर' या विषयावर आम्ही विद्यार्थ्यांकडून टिपणे मागवली होती. एका विद्यार्थिनीने टिपणासोबत एक घरच आणले. संगणकावरच्या एका खेळात तिने आपल्या आजोळचे घर बांधले होते. मूळ घर काही वर्षांपूर्वी रस्तारुंदीत पडले. त्याची छायाचित्रे फारशी नाहीत. आहे ते एक जुने खरेदीखत आणि आजीची आठवण. घर किती मोठे होते, असे आम्ही विचारले, तर ती म्हणाली, "नऊ बाय सात, सर." नऊ फूट बाय सात फूट? एवढ्यात न्हाणीघर मावेल फार तर! "फूट नाही सर, चौकोन. टाइल्स." मग एक चौकोन म्हणजे किती, या प्रश्नावर तिला थांबावे लागले. "तसं गेममध्ये कुठे लिहिलेलंच नाही," असे तिने सांगितले.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; संगणकावरील खेळांशी आमचा संबंध मुलांना रागावण्यापुरता. पण हे उत्तर काही केल्या डोक्यातून जाईना. ज्या खेळात लक्षावधी माणसे वर्षानुवर्षे घरे बांधत आली आहेत, त्यात लांबीचे एककच नसावे, ही गोष्ट आम्हाला वरवर दिसते तेवढी साधी वाटली नाही. तिचा माग काढताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

खेळाचे नाव 'द सिम्स'. कॅलिफोर्नियातील 'मॅक्सिस' या संस्थेत विल राइट यांनी तो रचला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स'ने बाजारात आणला. २००४, २००९ आणि २०१४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या आल्या. यात जिंकणे-हरणे नाही. काही माणसे असतात, त्यांना भूक लागते, झोप येते, करमेनासे होते. त्यांच्यासाठी घर बांधायचे, सामान घ्यायचे आणि त्यांचे दिवस कसे जातात ते पाहायचे. राइट यांचा याआधीचा गाजलेला खेळ 'सिमसिटी' १९८९ चा. त्यात शहर वसवायचे असे. त्याचा नकाशा १२० बाय १०० चौकोनांचा, आणि वस्तीचा, व्यापाराचा वा उद्योगाचा प्रत्येक तुकडा तीन बाय तीन चौकोनांचा. शहराकडून घराकडे येताना चौकोन तेवढा सोबत आला.

या येण्यामागे एक आग आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंड व बर्कली यांच्या टेकड्यांवर वणवा पेटला. २५ माणसे गेली आणि तीन हजारांहून अधिक घरे जळाली. त्यांत राइट यांचेही घर होते. संसार पुन्हा मांडताना प्रत्येक वस्तू आपल्याला कशासाठी लागते हा प्रश्न त्यांच्यापुढे आला आणि त्यातून या खेळाची कल्पना रुजली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. आरंभीचा बेत वास्तुरचनेच्या खेळाचा होता: तुम्ही घर बांधायचे आणि त्यात माणसे सोडून ते राहण्यास कसे आहे याची परीक्षा घ्यायची. माणसे परीक्षक म्हणून आली आणि पुढे तीच नायक झाली. कादंबरी शिकवणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. पार्श्वभूमी म्हणून रंगवायला घेतलेले वा घटकाभर आणलेले पात्र लेखकाच्या हातून निसटते, तसेच हे.

राइट यांच्यावर प्रभाव होता तो क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्या 'अ पॅटर्न लँग्वेज' (१९७७) या ग्रंथाचा. बर्कलीत अध्यापन करणाऱ्या या वास्तुविशारदाने सहकाऱ्यांसह २५३ 'आकृतिबंध' मांडले, गावाच्या वेशीपासून खिडकीतल्या बैठकीपर्यंत. या ग्रंथाकडे पुन्हा यावे लागणार आहे.

आता चौकोन. प्रश्न सोडवण्याचा सरळ मार्ग म्हणजे खेळातील वस्तू मोजणे. एकेरी दार एक चौकोन रुंद असते. चौकटीसह दाराची रुंदी तीन फुटांच्या आसपास धरली, तर चौकोन तीन फुटांचा ठरतो. अनेक खेळाडू असेच मानतात. इतर काही जण सोयीसाठी एक मीटर धरतात. पण पलंगाकडे वळले की हिशेब फिसकटतो. दोन माणसांचा पलंग दोन बाय तीन चौकोनांचा, म्हणजे सहा फूट बाय नऊ फूट. अमेरिकेतील प्रचलित 'डबल' गादी साडेचार फूट बाय सव्वासहा फूट असते. नऊ फुटी पलंगावर कोण झोपणार? उलट पलंगाची लांबी खरी मानावी तर चौकोन दोन फूट एक इंचाचा होतो आणि दारातून तिरके होऊन आत शिरावे लागते.

यात चूक कोणाची नाही. सव्वासहा फुटांची गादी तीन फुटी चौकोनांवर ठेवायची तर दोन चौकोन (सहा फूट) अपुरे पडतात, म्हणून तिसरा चौकोन घ्यावा लागतो. तीन इंचांसाठी तीन फूट जातात! पूर्णांकांच्या राज्यात अपूर्णांकाला हा कर द्यावा लागतो. असा कर घरातील प्रत्येक वस्तूमागे भरला जात असल्याने खेळातली घरे खऱ्या घरांहून ऐसपैस होतात. बाहेरून आटोपशीर वाटणारे घर फुटांत मोजू जाता बंगला निघते. चौकोन हे लांबीचे एकक नाही, हा त्याचा अर्थ. एका माणसाला एक क्रिया करायला लागणारी जागा, म्हणजे खुर्चीवर बसणे, शेगडीपुढे उभे राहणे, दारातून जाणे, हे त्याचे खरे माप आहे.

तरीही तीन फूट आणि एक मीटर या दोन अंदाजांत काय फरक पडतो ते पाहू, कारण जमिनीच्या मापात तो आपल्याला चटकन कळेल. चौथ्या आवृत्तीतला ३० बाय २० चौकोनांचा भूखंड घ्या. तीन फुटांच्या हिशेबाने तो ५,४०० चौरस फूट, म्हणजे पाच गुंठ्यांना किंचित कमी. मीटरच्या हिशेबाने तोच ६०० चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांच्या जवळ. एकाच भूखंडात एक गुंठ्याची तफावत! आपल्याकडे एवढ्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात. सर्वांत मोठा भूखंड ६४ बाय ६४ चौकोनांचा. मीटर धरले तर तो ४,०९६ चौरस मीटर होतो, आणि एकर आहे सुमारे ४,०४७ चौरस मीटरचा. म्हणजे तो जवळजवळ बरोबर एक एकर भरतो. हा योगायोगच. ६४ हा आकडा संगणकाच्या दोनाच्या पाढ्यातून आला आहे, तर एकर बैलांच्या दिवसभराच्या नांगरटीतून.

योगायोग असला तरी एकराचा हा धागा थोडा ओढण्याजोगा आहे. १६२० मध्ये एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. १७८५ मध्ये अमेरिकेने पश्चिमेकडील जमिनीसाठी कायदा केला, तोही याच मापांच्या आधारे: सहा मैल चौरसाच्या वसाहती, प्रत्येकीचे एक मैल चौरसाचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. डोंगर असो की नदी, रेषा सरळच जायच्या. माणूस येण्याआधी चौकट आखायची आणि मग भूखंड विकायचे, ही रीत तिथे संगणकाच्या दोनशे वर्षे आधी रुळली होती. कॅलिफोर्नियात बसून कोणी रिकाम्या चौकटीतून शहर आणि घर कल्पावे, यात म्हणूनच नवल नाही. ही साखळी आपल्याकडेही आली, अर्धी होऊन. इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या मुंबई इलाख्याच्या मोजणीपद्धतीत ३३ फुटांची साखळी वापरात होती. तिचे सोळा आणे. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यापूर्वीची आपली काठी होती पाच हात पाच मुठींची. हात आणि मूठ जाऊन साखळी आली, तेव्हाच मापातून शरीर बाजूला झाले होते. सातबारा वाचताना याची आठवण कोणाला होत नाही, तो भाग वेगळा.

पडद्यावर चौकोन मोजता येतात याचे श्रेयही एका जुन्या माणसाला जाते, आणि तो आमच्याच पेशातला असल्यामुळे त्याचा उल्लेख टाळवत नाही. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश व्याख्यानांसाठी यंत्रांच्या प्रतिकृती जोडून दाखवत. तुकड्यांतून त्या पुन्हा कशा जुळवायच्या हे मदतनिसांना कळावे म्हणून त्यांनी चित्रणाची एक पद्धत नीट मांडली आणि १८२२ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. या 'समपरिमाण' चित्रणात दूरची वस्तू लहान होत नाही. समांतर रेषा शेवटपर्यंत समांतर राहतात. डोळ्याला दिसते तसे हे चित्र नसते, पण त्यावरून मोजता येते. २००० सालचा 'द सिम्स' याच पद्धतीच्या एका जवळच्या प्रकारात काढलेला आहे. घरातील शेवटच्या खोलीचा चौकोनही पुढच्या ओसरीच्या चौकोनाएवढाच. निवेदकाच्या परिभाषेत बोलायचे तर ही कोणत्याही पात्राची नजर नव्हे. सर्वज्ञ निवेदकाला छप्पर काढून दिसेल तसे घर आहे. २००४ च्या आवृत्तीत त्रिमिती आली, कॅमेरा घरात फिरू लागला. चौकट मात्र जमिनीवर होती तशीच राहिली.

या खेळाचे घडणीच्या काळातील एक नाव 'डॉलहाऊस' असे होते. बाहुलीघराची परंपरा मात्र मापाच्या बाबतीत कमालीची काटेकोर आहे. १९२४ मध्ये पुरे झालेले राणी मेरीचे बाहुलीघर, जे दिल्ली घडवणाऱ्या एडविन लट्येन्स यांनीच रचले, एका फुटास एक इंच या प्रमाणाचे आहे. त्याच्या ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी इवल्याशा पुस्तकांत स्वहस्ते लिहून दिले. आर्थर कॉनन डॉयल यांनी तर खास त्यासाठी वॉटसनची एक चिमुकली गोष्ट लिहिली. फुटास इंच हे प्रमाण त्याही आधी स्विफ्टने १७२६ मध्ये लिलिपुटसाठी घेतले होते. गलिव्हरला किती जणांचे अन्न लागेल हे तिथले गणिती बाराच्या घनाने काढतात. उत्तर १,७२८ यायला हवे. पण पुष्कळ प्रतींत १,७२४ छापलेले आढळते आणि भाष्यकारांना त्यावर चर्चा करता येते. उपहास असो वा राजवैभव, दोन्हीकडे लहान जगाचे मोठ्या जगाशी गुणोत्तर पक्के आहे. 'द सिम्स'मध्ये ते नाही. तिथले जग आपल्या जगाच्या कितवा भाग आहे, हे विचारण्याची सोयच ठेवलेली नाही.

मग तिथे स्थिर काय आहे? शरीर. खेळातील प्रौढ माणसांचा रंग, चेहरा, पुढच्या आवृत्त्यांत अंगाचा भरणाही हवा तसा करता येतो. पण उंची बदलण्याची सोय मूळ खेळात नाही. याचे कारण तांत्रिक आहे. दोन माणसांनी मिठी मारायची, एकाने खुर्चीत बसायचे, दुसऱ्याने कपाट उघडायचे, या हालचाली आधी बनवून ठेवलेल्या असतात. उंची बदलली तर हात खांद्यावर न पडता हवेत पडेल. चौकोन माणसाच्या मापाचा आणि माणूस चौकोनाच्या मापाचा. जुन्या जगात कोणाचा तरी हात हे माप होते. हात लांब-आखूड असत, म्हणून कोणाचा हात धरायचा यावर भांडणे होत आणि सत्ताधाऱ्याला काठी ठरवून द्यावी लागे. इथे भांडण मिटले आहे, कारण सर्वांचेच हात सारखे केले आहेत. खुजा, ताडमाड, वाकलेला असा माणूस या घरात राहायला येतच नाही. कथावाङ्मयातले निम्मे लोक बाहेर राहिले म्हणायचे.

मापाचा असा विचार आपल्याकडे रंगभूमीच्या संदर्भात फार पूर्वी झाला. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात अणू, रज, बाल, लिक्षा, यूका, यव, अंगुल अशी आठ-आठ पटींची शिडी आहे. चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड. मर्त्यांसाठी सांगितलेले आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. (पुन्हा ६४! वर्गात सांगितले तर विद्यार्थी त्यावरून भलतेच निष्कर्ष काढतील, तेव्हा जपून.) महत्त्वाचे आहे ते भरताने दिलेले कारण: याहून मोठे केले तर आवाज ऐकू जाणार नाही आणि मुद्रेवरचे भाव दिसणार नाहीत. इथे मापाला मर्यादा घातली ती प्रेक्षकाच्या कानाने आणि डोळ्याने. खेळातल्या भूखंडाची मर्यादा यंत्राच्या स्मृतीने व वेगाने ठरते. काळाच्या बाबतीत मात्र खेळ नाटकाच्या जवळ जातो. मूळ खेळात साधारण वेगाने आपला एक सेकंद म्हणजे तिथला एक मिनिट. पण माणसे चालतात आपल्याच चालीने. परिणामी अंगणातून दारापर्यंत जाण्यात पंधरा-वीस मिनिटे सरतात आणि नाश्ता होईस्तो नोकरीची वेळ टळते. मोठे घर बांधणाऱ्याला या खेळात वेळेचा दंड पडतो.

आता अलेक्झांडर यांच्याकडे परत. त्यांच्या ग्रंथातील १९७ वा आकृतिबंध आहे 'जाड भिंती'. भिंत पातळ व गुळगुळीत असली तर राहणाऱ्याला तिच्यावर आपली खूण उमटवता येत नाही. तिच्यात फळ्या, कोनाडे, बैठका कोरता येतील एवढी खोली हवी, असा त्याचा आशय. या ग्रंथापासून स्फुरलेल्या खेळात भिंत उभी राहते ती दोन चौकोनांमधल्या रेषेवर. दिसण्यापुरती जाडी तिला आहे; जागा ती खात नाही. १९० वा आकृतिबंध खोल्यांच्या छतांची उंची निरनिराळी असावी असे सांगतो. खेळात भिंतीच्या तीन उंची मिळायला २०१४ उजाडले, आणि त्याही मजल्यागणिक, खोलीगणिक नव्हे. प्रेरणा आणि कृती यांच्यातील हे अंतर आम्हाला दोषापेक्षा मुक्कामाची खूण वाटते. अमेरिकेतील साधे घर लाकडी सांगाड्याचे असते आणि त्याची आतली भिंत पाचएक इंचांपलीकडे क्वचित जाते. तीन फुटांच्या चौकोनापुढे ती शून्य धरली तरी खपून जाते. खेळातील घर हे 'घर' नव्हे, ते तिथल्या उपनगरातील घर आहे. त्या मुक्कामी ते बरोबरच आहे.

आमच्या विद्यार्थिनीची अडचण इथे सुरू झाली. खरेदीखतातील नोंदीनुसार तिचे आजोळ पूर्व-पश्चिम २१ हात आणि दक्षिणोत्तर १४ हात, तीन खणी, पांढऱ्या मातीच्या भिंतींचे. हात दीड फुटाचा धरला तर तीन फुटी चौकोन म्हणजे बरोबर दोन हात, आपला गजच. हे तिच्या ध्यानात आल्यावर तिला झालेला आनंद आम्ही पाहिला आहे. त्या हिशेबाने घर साडेदहा बाय सात चौकोनांचे झाले. अर्धा चौकोन आला आणि भिंत काही अर्ध्यावर उभी राहीना.

मग तिने आतून मोजायला घेतले. आजी सांगते, भिंती दीड हात जाड. दोन्ही बाजूंच्या मिळून तीन हात वजा केले की आत १८ बाय ११ हात उरतात. म्हणजे बाहेरून २९४ चौरस हातांच्या घरात माणसांच्या वाट्याला १९८. घराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नुसती भिंतच होता! पण त्या तृतीयांशात देवाचा कोनाडा होता, फडताळ होते, दिव्याची देवळी होती, आजोबांची कागदपत्रे ठेवायची जागा होती. खेळात भिंतीला पोटच नसल्यामुळे ह्या सगळ्याला जागा मिळेना. फडताळाऐवजी तिने भिंतीपुढे कपाट ठेवले, तर त्याने माजघरातला एक चौकोन खाल्ला आणि वाट अडली.

आतल्या मापाने १८ हात म्हणजे नऊ चौकोन, तीन खणांना तीन-तीन, अगदी नेमके. (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. आजीच्या म्हणण्याप्रमाणे मधला खण थोरला होता, पण कितीने ते तिला सांगता येत नाही.) मात्र रुंदीचे ११ हात साडेपाच चौकोन होतात. बाहेरून मोजावे तर लांबी अडते, आतून मोजावे तर रुंदी. शेवटी तिने लांबी आतली घेतली आणि रुंदी बाहेरची. नऊ बाय सात हे उत्तर असे आले आहे. चौकटीत ते फटीशिवाय बसते. आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही असे, कधी नसलेले एक घर.

तिचे टिपण आम्ही परत केले आणि हा हिशेब त्यात लिहून काढायला सांगितले. तेव्हा तिने खरेदीखताची छायाप्रत पुढे केली. चतुःसीमेत पश्चिमेस शेजाऱ्याचे नाव आहे आणि पुढे 'समाईक भिंत' असे शब्द. खेळात तिचे घर भूखंडाच्या मधोमध एकटे उभे आहे, चारी बाजूंना हिरवळ. लांबीत आलेला तो अर्धा चौकोन याच भिंतीच्या बाजूला पडला होता. ती भिंत निम्मी आपली मोजायची की पूर्ण, हे आजीला विचारून सांगते, असे म्हणून ती गेली आहे.